न पुकारलेली मूठ

आमच्या सासऱ्यांच्या स्पीकरवाल्या दोस्ताइतका मोठ्यानं जगलेला माणूस सातारा आणि सांगली या दोन्ही जिल्ह्यांत दुसरा झाला नाही. पुढेही होईलसं वाटत नाही, कारण लोकांच्या कानांची जी काही सोसायची ताकद असते, ती या एकट्या गृहस्थांनी वापरून संपवली आहे. कराडजवळ मलकापुरात हायवेच्या कडेला त्यांचं लाउडस्पीकरचं दुकान. लग्न असो, उरूस असो, जत्रेतलं कुस्त्यांचं मैदान असो, भोंगे त्यांचेच. सगळं गाव त्यांना चाचा म्हणतं, म्हणून मीही चाचाच म्हणते. पन्नास वर्षं भोंग्यामागे उभं राहिल्यामुळे हळू बोलणं म्हणजे काय हे ते विसरून गेले आहेत. त्यांनी माझ्या कानात सांगितलेलं गुपित रस्त्यापलीकडच्या पंक्चरवाल्याला माझ्याआधी कळतं. मी लग्न होऊन मलकापूरला आले त्या दिवशी माप ओलांडायला पाय उचलला, तोच मांडवातून आवाज आला, "सूनबाई घरात येत्यात हो! शिक्षान बीएस्सी, संगं कपाट एक, भांड्याची पेटी एक, आन् शिलाई मशीन एक!" मी पाय तसाच वर धरून उभी राहिले. शेवटी सासूबाईंनी मागून ढकललं, माप लवंडलं आणि मी घरात आले.

त्यांचा जगण्याचा नियम एकच. दिलेलं बोलायचं आणि घेतलेलंही बोलायचं. आमच्याकडे लग्नात माईकवर आहेर पुकारतात, तशी कुस्तीच्या मैदानात बक्षिसं पुकारतात, अमुक गावच्या अमक्याकडून तमक्या पैलवानाला रुपये शंभर. चाचांनी हा पुकारा मैदानातून उचलून सगळ्या आयुष्याला लावला. एसटीत कंडक्टरनं सुटे पैसे परत केले की ते जागेवर उभे राहून सगळ्या गाडीला ऐकवत, "मास्तरांकडनं रुपये तीन, पोचले!" कराडला एका दवाखान्यात रक्त तपासायला गेले, तर नर्सनं सुई काढायच्या आत ओरडले, "बाईंनी आमच्याकडनं रगात नेलं हो, नळी एक!" बाकावर बसलेले दोघं जण उठून घरी गेले. मी एकदा वैतागून म्हटलं, "चाचा, एखादी गोष्ट गुपचूप घेतली तर काय बिघडतं?" त्यांनी माझ्याकडे पाहिलं ते काहीतरी अभद्र ऐकल्यासारखं. मग त्यांचा आवाज, मी त्यांना ओळखते त्या सबंध काळात पहिल्यांदाच, खाली आला. "सूनबाई, न पुकारता घेनारी एकच जात असती. मेलेल्यांची." भर दुपारची वेळ होती, दुकानाच्या पत्र्याखाली मी घामानं निथळत होते, तरी अंगावर काटा आला.

या नियमाला एक जिवंत अपवाद होता, तो म्हणजे आमचे सासरे. घरात त्यांना आबा म्हणत. आबा कुस्तीच्या मैदानाचे निवेदक. भोंगे चाचांचे आणि आवाज आबांचा, अशी ही जोडी चाळीस वर्षं वाळव्यापासून खंडाळ्यापर्यंत फिरली. कुस्ती लागली की आबा पैलवानाचं गाव सांगत, वस्ताद सांगत, आजा कोण होता ते सांगत, आणि कुस्ती लांबली तर त्याच्या घरची म्हैस किती दूध देते इथपर्यंत येत. मैदान संपलं की मिळालेले पैसे चाचांच्या कापडी पिशवीत पडत. पिशवी अँप्लिफायरच्या कडीला टांगलेली असे. वाटणी व्हायच्या आधी आबा शेजारून जाता जाता पिशवीत हात घालत आणि एक मूठ मारून खिशात टाकत. बोलणं नाही, मोजणं नाही. कधी मुठीत दोन नोटा येत, कधी नुसती चिल्लर आणि त्यात माईकचा एखादा स्क्रू. मग साळसूद चेहऱ्यानं वाटणीला बसत आणि वर निम्मा हिस्सा घेत. चाचांना हे पहिल्या दिवसापासून ठाऊक होतं, आणि चाळीस वर्षांत त्यांनी ते एकदाही पुकारलं नाही. "त्येवढं त्याला माफ," ते म्हणत. "त्याचा हात पिशवीत गेला की मला कळायचं, आज मैदान झ्याक झालं."

माझं मात्र आबांशी नेमकं याच सवयीवरून जमत नसे. मी सांगलीला विश्रामबागेतल्या एका कॉलेजात रसायनशास्त्राच्या प्रयोगशाळेत आहे. थेंब मोजण्यात माझं आयुष्य गेलं. घरात येणारं दूध मी मापट्यानं मोजून घेते आणि गॅसची टाकी काट्यावर ठेवून घेते. आणि हे गृहस्थ आमच्याकडे राहायला आले की येता-जाता शेंगदाण्याच्या डब्यात हात घालून मूठ भरून न्यायचे. डब्यात किती होते हे मला माहीत असायचं. मी ते बोलूनही दाखवायची. आबा हसून उरलेले दोन दाणे डब्यात परत टाकायचे, की मला आणखीनच राग यायचा.

आबा गेले तेव्हा चाचांचं दुकान महिनाभर बंद होतं. मलकापुरातले लोक एकमेकांना विचारत होते की आजकाल एवढं शांत का वाटतं. मग एका गुरुवारी दुपारी आमच्या विश्रामबागेतल्या दारात चाचा उभे राहिले, एका काखेत भोंगा आणि दुसऱ्या हातात कॅसेटींनी भरलेली गोणी. आबांचं प्रत्येक मैदान त्यांनी टेप करून ठेवलेलं होतं. मोबाइल दुरुस्त करणाऱ्या एका दुकानदारानं त्यांना सांगितलं होतं की ब्लॉकचेन नावाच्या वहीवर चालणारं एक समाजमाध्यम निघालं आहे. तिथे ठेवलेला आवाज पुसला जात नाही. वहीची प्रत हजारो ठिकाणी असते, म्हणून कुणा एकाला खाडाखोड करता येत नाही. ऐकणारे खूश होऊन टोकन देतात, त्या टोकनांचे पुढे रुपये होतात, आणि दिलेलं सगळंच्या सगळं आवाजवाल्याला पोचतं, मधे कुणी दलाल नाही. मी हे सगळं चाचांना नीट समजावून द्यायला बसले, तर त्यांनी हात वर केला.

"कळलं. पुकारा हाय त्यो."

"पुकारा कसा?"

"धा हजार मानसांम्होरं शंभर रुपये म्हनून वरडलं, की धा हजार साक्षीदार झालं. मागनं कोन म्हनंल, पन्नासच दिलं व्हतं? त्येच हाय हे."

आमच्या कॉलेजात एका तज्ज्ञांनी याच विषयावर दोन तास व्याख्यान दिलं होतं आणि मी दोन तास वहीत फुलं काढली होती. चाचांमुळे ते मला चहा गार व्हायच्या आत कळलं.

खातं उघडलं, पण त्याची किल्ली म्हणजे बारा शब्द. ते ज्याच्याकडे त्याचं खातं, म्हणून कुणाला म्हणजे कुणालाच सांगायचे नाहीत. ही अट चाचांच्या घशात अडकली. दुसऱ्या दिवशी चाचींचा फोन आला, "हे जेवंना झाल्यात. तोंड गच्च मिटून बसल्यात." तिसऱ्या दिवशी दुकानासमोर माईक तपासताना त्यांच्या तोंडून हॅलो हॅलोच्या ऐवजी त्या बारातले सहा शब्द बाहेर पडले आणि पार कृष्णेच्या पुलापर्यंत ऐकू गेले. मी धावतपळत मलकापूर गाठलं, नवं खातं काढलं, नवे बारा शब्द चाचांना न दाखवताच कागदावर लिहिले आणि घरी आणून हळदीच्या डब्यात ठेवले. चाचांचा जीव भांड्यात पडला. तेव्हापासून दर महिन्याच्या पहिल्या गुरुवारी दुपारी ते एसटीनं सांगलीला यायचे, मांडीवर भोंगा घेऊन. मी कॅसेटीतला आवाज कम्प्युटरवर चढवायचा, महिन्याचं आलेलं मोठ्यानं वाचायचं, आणि त्यांनी डोळे मिटून ऐकायचं.

पहिली कॅसेट लावली तो दिवस मला आजही आठवतो. आवाज भोंग्यातूनच ऐकला पाहिजे, फोनमधून ऐकला तर आबा बसका वाटतो, असं चाचांचं म्हणणं. त्यांनी भोंगा खिडकीत ठेवला. आधी नुसती खरखर, दूर कुठे हलगी, आणि मग एकदम आबा. "बसून घ्या मंडळी, बसून घ्या. मागच्यांना दिसत नाही." आमचे हे टॉवेल खांद्यावर टाकून आतून येत होते, ते दारातच मटकन खाली बसले. आपण का बसलो ते त्यांना कळेना. मला हसू फुटलं. पण खिडकीतून खाली पाहिलं, तर भाजीवाली गाडा सोडून कट्ट्यावर बसली होती, समोरच्या बिल्डिंगचा वॉचमन बसला होता, आणि शाळेतून येणारी दोन मुलं दप्तरासकट रस्त्याच्या कडेला बसली होती. सगळे वर बघत होते. माझं हसू तिथेच थांबलं. कॅसेटीच्या शेवटी आबा एका पैलवानाला बोलावत होते. जोड ठरलेली, समोरचा गडी मातीत उभा, आणि हा कुठे दिसत नाही. "पैलवान, असाल तिथून मैदानात या. असाल तिथून या." तो आला की नाही हे कॅसेटीत नव्हतं. हाकेवरच टेप संपत होती.

हीच हाक सगळ्यात जास्त ऐकली गेली. कुठल्या कुठल्या देशांतले लोक ऐकत, ज्यांना मराठीचं अक्षरही कळत नव्हतं. एकानं खाली लिहिलं होतं, हा माणूस काय म्हणतो मला समजत नाही, पण ऐकून झाल्यावर मी उठून दार उघडून पाहून आलो. दुसऱ्यानं त्याखाली लिहिलं, मीही. मी हे चाचांना वाचून दाखवलं. त्यांनी मान हलवली, जणू यात नवल ते काय. "आबाचा आवाज पैल्यापास्नं लांब जायाचा," म्हणाले.

चौथ्या महिन्यात माझ्या लक्षात आलं की आकडे जुळत नाहीत. ऐकणाऱ्यांनी किती दिलं ते एका जागी दिसे आणि खात्यात किती जमा झालं ते दुसऱ्या जागी. दुसरा आकडा पहिल्यापेक्षा कमी. कधी रुपयाला आणा कमी, कधी तीन आणे, मेळ कशाचा कशाला नाही. जिथे सगळं सगळ्यांना दिसतं म्हणून एवढा गाजावाजा, त्या वहीत या तुटीचं नाव कुठेच नव्हतं, आणि पहिल्या पानावर ठळक अक्षरांत लिहिलेलं, की आम्ही कलाकाराच्या कमाईला हात लावत नाही. मी वाचता वाचता थांबले, तसे चाचांनी डोळे उघडले.

"काय झालं गं?"

"मधल्या मधे कुणीतरी घेतंय, चाचा. नाव न सांगता."

मला वाटलं, आता हे असे ओरडतील की शेजारचे पोलिसांना बोलावतील. ते भोंग्यावर हात ठेवून नुसते बसून राहिले. मग म्हणाले, "समद्यातनं घेतंय?"

मी पुन्हा तपासलं. चाचांनी स्वतःच्या आवाजातलेही काही तुकडे माझ्याकडून टाकून घेतले होते, भोंगा कसा बांधावा, वायर उंदरानं कुरतडली तर काय करावं, असे. त्यांना एवढेतेवढे ऐकणारे होते. त्यातून एक पैसा गेला नव्हता. जे गेलं होतं ते फक्त आबांच्या आवाजातून गेलं होतं.

"मोजून घेतंय, का मूठ मारतंय?" चाचांनी विचारलं.

कम्प्युटरसमोरच्या खुर्चीत बसल्या बसल्या मला शेंगदाण्याच्या डब्याचं झाकण उघडल्याचा आवाज ऐकू आल्यासारखं झालं, आणि मी खरोखरच वळून स्वयंपाकघराकडे पाहिलं. तिथे कुणी नव्हतं. चाचा मात्र खुर्चीतून उठले, टोपी काढून परत घातली आणि गदगदून हसले. "आला गड्या! मेला तरी खोड गेली न्हाई!"

त्या दिवसापासून माणूस बदलून गेला. वाकलेली पाठ सरळ झाली. आधी महिन्याकाठी किती आलं हे ते ऐकायचे, आता एकच विचारायचे, किती गेलं. जास्त गेलं असलं की खूश. "बरं चाललंय त्याचं," म्हणायचे. कमी गेलं की काळजीत पडायचे, आबाला बरं नाही का काय. एसटीत दोन तिकिटं काढू लागले. कंडक्टर म्हणाला, "भोंग्याचं तिकीट नसतं चाचा," तर म्हणाले, "भोंग्याचं न्हवं." शेजारची सीट तांबव्यापासून रिकामी राहिली आणि गाडीत उभी असलेली माणसं असूनही तिच्यावर कुणी बसलं नाही, हे त्यांनी मला सहज सांगितलं. मी सगळ्याला हसत होते. पण आबांची कॅसेट एकटीनं ऐकायचं मी बंद केलं होतं.

उन्हाळ्यात मी मलकापूरला गेले होते, तेव्हा चाचा मला एका जुन्या मैदानावर घेऊन गेले. वर्षातून एकदाच तिथे कुस्त्या होतात. एरवी लाल मातीचा खड्डा, चहूबाजूंनी दगडी पायऱ्या, आणि दुपारी बाराच्या उन्हात चिटपाखरू नाही. आबा जिथे उभे राहायचे तिथे त्यांनी माईक लावला, टेप रेकॉर्डिंगला लावला आणि ओठांवर बोट ठेवलं. जन्मभर ओरडलेला माणूस ओठांवर बोट ठेवून उभा राहिलेला मी पहिल्यांदा पाहिला. दीड-दोन मिनिटं कुणी बोललं नाही. मशीनची बारीक गुणगुण तेवढी चालू होती. मधेच ती गुणगुण खाली गेली, थोडा वेळ तशीच राहिली आणि पुन्हा पहिल्यासारखी झाली. चाचांनी टेप बंद केला. "माईकापशी कोन हुबं ऱ्हायलं की आवाज असा दबतुया," ते म्हणाले. आम्ही दोघं माईकपासून वीस पावलांवर होतो. ती दोन मिनिटांची शांतता त्यांनी हट्टानं माझ्याकडून त्या वहीवर चढवून घेतली. महिन्याअखेर कुणीतरी त्यावर थोडे टोकन दिले होते, आणि त्यातलेही काही वाटेत गेले होते.

इथवर सगळं चाचांच्या मनासारखं चाललं होतं. आता मी काय केलं ते सांगते. माझा भुतावर विश्वास नाही, चोरावर आहे. आणि आकडा जुळत नसला की माझं अन्न गोड लागत नाही. मी त्या कंपनीला पत्रांवर पत्रं लिहिली, आकड्यांच्या याद्या जोडल्या, तुमचं पहिलं पान खोटं आहे असं त्यांच्याच पानावर सगळ्यांना दिसेल असं लिहिलं. ते पुसता येत नव्हतं, हा त्यांच्याच वहीचा गुण. इतरही फसलेले लोक माझ्या मागे उभे राहिले. अखेर कंपनीचं उत्तर आलं. ऐकणाऱ्याचे टोकन थेट वहीत न जाता आधी कंपनीच्या स्वतःच्या पाकिटात जात होते. दहा मिनिटांपेक्षा लांब ध्वनिफितींवर तिथे आवाज जपून ठेवण्याचा आकार कापला जाई, तो कापताना टोकनच्या भावातही थोडं मारलं जाई, आणि उरलेलं तेवढंच वहीत चढे. म्हणून वहीत चोरी दिसत नव्हती, ती वहीच्या उंबऱ्याबाहेर होत होती. आबांच्या कॅसेटी लांब, म्हणून त्यांतून जायचं. चाचांचे तुकडे लहान, म्हणून वाचायचे. भाव रोज हलायचा, म्हणून मेळ लागत नव्हता. कंपनीनं चूक कबूल केली, कापलेलं सगळं ओळीनं यादी करून परत दिलं आणि पुढे कापणार नाही असं लिहून दिलं. मी ती यादी माझ्या यादीशी ताडून पाहिली. सगळं पैशापैशाला जुळलं, एक ओळ सोडून. रिकाम्या मैदानाची. ती तर दोनच मिनिटांची होती, तिच्यावर आकार बसायचं कारणच नव्हतं. मी त्याबद्दल वेगळं विचारलं. उत्तर आलं, या व्यवहारात आमच्याकडून काहीही कापलं गेलेलं नाही. मग ते कुठे गेलं, हे मला आजतागायत कळलेलं नाही.

पहिल्या गुरुवारी चाचा आले तेव्हा मी दारातच म्हटलं, "चाचा, चोर सापडला!" त्यांना पाणी द्यायच्या आधी मी सगळं सांगून टाकलं, पाकीट, आकार, भाव, परत आलेले पैसे. मला वाटत होतं मी केवढा पराक्रम केला आहे. ते ऐकत राहिले. मग ती एक ओळही मी वाचली, कारण अर्धवट हिशेब मला वाचता येत नाही.

"म्हंजी बाकीचं समदं कंपनीनं घेतलं," ते म्हणाले.

"हो."

"आन् त्याचं येकच."

"कुणाचं, ते मला माहीत नाही, चाचा."

त्यांनी चहाचा कप उचलला आणि न पिता खाली ठेवला. "येवढ्या म्हैन्यांत येकच मूठ घेतली व्हय त्यानं," ते म्हणाले. "मी आपला समजत व्हतो, पोटभर खातोय. उपाशी ऱ्हायला की गं माझा गडी." आणि तो एवढा मोठा माणूस आमच्या दिवाणखान्यात रडला, अगदी हळू, आवाज न करता. शेजारच्या खोलीत आमचे हे होते, त्यांना कळलंसुद्धा नाही. त्या क्षणी कंपनीला सगळे पैसे परत घे म्हणावं असं मला वाटलं.

नंतर चाचांनी कॅसेटी आणायचं थांबवलं. यायचे, पण भोंगा न घेता, आणि एसटीचं एकच तिकीट काढून. मी वाचायची, "दिलेलं एवढं, आलेलं एवढं, कमी काही नाही." ते मान हलवायचे. मलकापुरात लोक म्हणायला लागले की चाचांचा आवाज बसला. चाची फोनवर सांगत, "चहा मागतानाबी आत येऊन मागत्यात." मला ते ऐकवेना. आबांच्या दिवसकार्यातही मी एवढी अस्वस्थ झाले नव्हते, आणि हे कबूल करायला मला लाज वाटते.

म्हणून मी ते केलं. हळदीच्या डब्यातले बारा शब्द माझ्याकडेच होते. मी दुसरं एक खातं काढलं आणि पुढच्या महिन्यापासून आबांच्या आवाजावर आलेल्या प्रत्येक रुपयातले दोन आणे गुपचूप तिकडे वळवले. गुरुवारी वाचताना म्हटलं, "चाचा, पुन्हा कमी आलंय. कंपनी म्हणते आमचा हात नाही." हे वाक्य मी आरशासमोर चार वेळा म्हणून पाहिलं होतं. चाचांनी माझ्याकडे पाहिलं, मग मिटल्या डोळ्यांनी मागे टेकले. पुढच्या खेपेला भोंगा परत आला. तिसऱ्या खेपेला गोणी आली. माझ्या जिवाला बरं वाटलं, आणि त्या दुसऱ्या खात्यात टोकन साठत राहिले. त्यांना हात लावायची मला भीती वाटायची.

असे सहा महिने गेले. गेल्या महिन्यात मी वाचून संपवलं, तर चाचा म्हणाले, "सूनबाई, हात तुजा हाय न्हवं?"

मी कम्प्युटरकडेच बघत राहिले. "कशावरून?"

"रुपयाला दोन आनं. सा म्हैनं झालं, येक पैसा हिकडं न्हाई का तिकडं न्हाई. आबानं जल्मात कवा मोजून घेतलं न्हाई गं." ते हसत होते. "मला पैल्याच म्हैन्यात कळलं."

"मग बोलला का नाहीत? पुकारला असता की!"

"कशाला? घरातलंच मानूस हाय म्हनलं. त्यालाबी घरातल्यांचंच न इचारता घ्यायची सवय व्हती."

मी त्यांना म्हटलं, साठलंय ते सगळं तसंच आहे, आत्ता परत करते. त्यांनी मान हलवली. त्यांना ते नको होतं. कुणीतरी घेत होतं, एवढंच त्यांना हवं होतं. मग त्यांनी मला एक गोष्ट करायला सांगितली, आणि ती माझ्याच्यानं होईल असं मला वाटेना. मी डोळे मिटले आणि कळफलकावर न बघता, न ठरवता, बोटाला लागेल तो आकडा दाबून आबांच्या नावानं तेवढे टोकन त्या दुसऱ्या खात्यात वळवले. किती गेले ते पाहिलं नाही. मी आयुष्यात पहिल्यांदाच न मोजता काही घेतलं, आणि आबांबद्दल मनात जे अडकून बसलं होतं ते त्या वेळी सुटलं. माझे डोळे भरून आले.

"किती गेलं?" चाचांनी विचारलं.

"माहीत नाही," मी म्हटलं.

खाली भाजीवाली कुणाशी तरी घासाघीस करत होती. मग चाचांनी आपल्या शेजारची खुर्ची जराशी ओढून, कुणाला बसायला सोपं जावं अशी तिरकी केली, आणि मला म्हणाले, "आता जरा बसू दे त्याला."

मी उठून आत गेले आणि तीन कप चहा टाकला.